क्लोन हिरो आणि मूनस्क्रेपर: खंजिरी बसवून पाहिली, चार महिन्यांचा अनुभव

मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, खंजिरी गिटारच्या व्हिडिओ गेममध्ये बसवायला मला चार महिने लागले. गेमचं नाव क्लोन हिरो, आणि त्यात गाण्याच्या खुणा भरायला वापरतात तो एडिटर म्हणजे मूनस्क्रेपर. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही माझ्या साध्या लॅपटॉपवर विनातक्रार चालतात. याच लॅपटॉपवर दिवसभर मी लोकांचे सातबारे काढते आणि पीकविम्याचे फॉर्म भरते. इंग्रजी रॉक गाण्यांवर या गेमबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्यांना त्यात आपलं वाद्य घालायचं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

ज्यांनी हा गेम पाहिलाच नाही त्यांना थोडक्यात सांगते. पडद्यावर पाच पट्ट्यांचा रस्ता दिसतो: हिरवा, लाल, पिवळा, निळा, नारिंगी. त्यावरून रंगीत गोळ्या आपल्याकडे सरकत येतात. हातात गिटारच्या आकाराचा कंट्रोलर असतो; डाव्या हाताने त्यावरचं त्या रंगाचं बटण धरायचं आणि गोळी रेषेवर आली की उजव्या हाताने स्ट्रमची पट्टी मारायची. २००५ साली प्लेस्टेशन २ वर गिटार हिरो आला, तेव्हापासूनची ही पद्धत. क्लोन हिरोमध्ये मोठी सोय अशी की गाणी आपण स्वतः भरू शकतो. गाण्याची ऑडिओ फाईल, खुणांची एक फाईल आणि माहितीची एक छोटी फाईल एका फोल्डरमध्ये टाकली की गाणं यादीत येतं.

आमचं गाव तिवसा तालुक्यात, तुकडोजी महाराजांचा आश्रम आहे त्या मोझरीपासून अर्ध्या तासावर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) हातात खंजिरी होती, म्हणून इकडे ती घरोघरी आहे. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना झाली की भजन होतं. माझे सासरे गेली चाळीस वर्षं मंडळात खंजिरी वाजवतात. मी महिला मंडळात पेटी वाजवते. गेम घरात आणला तो दिराच्या मुलाने, तो बारावीत आहे. एका रात्री त्याला खेळताना पाहून मी विचारलं, याच्यात आपलं भजन टाकता येते का? तो म्हणाला, "येते नं काकू. पण खंजिरीचं नावच नाही याच्यात."

खरंच नाही. क्लोन हिरोत गिटार, बेस, ऱ्हिदम, कीज आणि ड्रम असे भाग असतात. बाकी कुठलंही वाद्य असलं तरी ते यांच्यातल्याच एकावर चढवावं लागतं. जगभरचे चार्ट (म्हणजे गाण्याच्या खुणांची फाईल) करणारे हेच करतात, सॅक्सोफोन किंवा व्हायोलिनचा तुकडा आला की तो गिटारच्या पाच बटणांवर लिहितात.

मी आधी चूक केली. खंजिरी म्हणजे चामड्याचं वाद्य, तेव्हा ड्रमच्या भागात घालू, असं मला वाटलं. तिथे चार पॅड आणि एक पायाचा किक असतो. खुली थाप किकवर, किनार लालवर, खुळखुळ पिवळ्यावर असं लिहून काढलं. आठ दिवस घालवले. ऐकायला बरोबर होतं, पण खेळताना अंगात काही येत नव्हतं. दोन काठ्या आणि एक पाय यांच्यासाठी केलेल्या रस्त्यावर एका हातात धरायचं वाद्य चालत होतं, आणि ते तसंच वाटत होतं.

मग मी एक दिवस मामाजींचा आवाज न ऐकता नुसते हात पाहिले. फोनवर व्हिडिओ काढला आणि आवाज बंद करून लावला. डावा हात खंजिरी धरतो, पण नुसता धरत नाही. त्याचं मनगट सारखं हलत असतं, कड्यातल्या चकत्या तोच वाजवतो. अधूनमधून त्याची बोटं मागून चामडं दाबतात आणि आवाज चढतो. उजवा हात फक्त मारतो: मध्ये खुली थाप, कडेला बोटांची टिचकी, कधी पंजा ठेवून दाबलेली थाप. म्हणजे डावा हात स्वर बदलतो, उजवा हात ठोका देतो. हे तर गिटारच्या कंट्रोलरचंच काम झालं! डाव्या हातात रंगांची बटणं आणि उजव्या हातात स्ट्रम.

त्या रात्री ड्रमचा भाग पुसून टाकला आणि गिटारच्या भागात पहिल्यापासून सुरुवात केली. गेममध्ये ओपन नोट म्हणून एक प्रकार आहे. रस्त्यावर जांभळी आडवी पट्टी येते, कुठलंच बटण न दाबता नुसता स्ट्रम मारायचा. ती खुली थाप झाली. कडेची टिचकी हिरव्यावर गेली आणि दाबलेली थाप लालवर. चकत्यांची खुळखुळ मात्र उजव्या हाताची नाहीच. तिच्यासाठी टॅप नोट वापरली. टॅप नोटला स्ट्रम लागत नाही, नुसतं बटण दाबलं की झालं. खुळखुळ पिवळ्या आणि निळ्यावर आळीपाळीने लिहिली. त्यामुळे खेळणाऱ्याचा डावा हात खरोखर हलता राहतो आणि उजवा हात थापेची वाट पाहतो. नारिंगी रंग मी फक्त तिहाईच्या, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपणाऱ्या तुकड्याच्या, शेवटच्या थापेला ठेवला.

एक अडचण सांगून ठेवते, कारण माझे तीन दिवस तिच्यातच गेले. वेगवेगळ्या रंगांच्या दोन नोटा ठोक्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतक्या किंवा त्याहून जवळ आल्या, की गेम दुसरीला आपोआप बिनस्ट्रमची करतो. गिटारवाले एका तारेवर नुसत्या बोटाने पुढचा सूर काढतात, त्यावरून ही रीत आली आहे. गिटारला ती शोभते. खंजिरीवर मात्र हिरव्या टिचकीनंतर लगेच लाल थाप आली, तर हात दोन्ही वेळा पडतोच. अशा प्रत्येक जागी नोट निवडून तिला फोर्स्ड करावं लागतं, म्हणजे ती पुन्हा स्ट्रमची होते. मूनस्क्रेपरमध्ये हे एका कळीचं काम आहे, पण भजन द्रुत झालं की अशा जागा शेकड्याने येतात. जलद आवर्तनं एकदा नीट करून ती कॉपी-पेस्ट करा. ठेका फिरून फिरून तोच असतो, त्याचा इथे फार उपयोग होतो.

आता लयीचं. हे काम सगळ्यात किचकट आहे आणि सगळ्यात जास्त शिकवणारंही. स्टुडिओतलं गाणं ठरलेल्या लयीत बसलेलं असतं, एकदा आकडा टाकला की रेषा शेवटपर्यंत जुळतात. भजन चढत जातं. आमचं रेकॉर्डिंग पाच मिनिटांचं, ठेका केरव्याचा. आठ मात्रांचं आवर्तन मी एडिटरच्या चार ठोक्यांत बसवलं. सुरुवातीला मिनिटाला ७८ ठोके होते, गजराला पोचेपर्यंत १२६ झाले. मध्ये एका कडव्यानंतर बुवांनी श्वास घेतला, तिथे लय क्षणभर बसली आणि पुन्हा उठली. हे सगळं जसंच्या तसं लिहायचं तर एक आकडा पुरत नाही. मी दर दोन आवर्तनांना एक अशा साठच्या वर लयीच्या खुणा टाकल्या. मूनस्क्रेपरमध्ये लयीच्या खुणेला अँकर लावता येतो. तो लावला की मागचं-पुढचं कितीही हलवा, ती खूण आवाजाच्या त्या जागेवरून हलत नाही. हा अँकर नसता तर मी हे काम सोडून दिलं असतं.

खुणांची फाईल नोटपॅडमध्ये उघडून पाहा, भीती जाते. आत साधा मजकूर असतो. ९६ ची लय ९६००० अशी लिहिलेली दिसते. एका ठोक्याचे १९२ तुकडे केलेले असतात, आणि प्रत्येक नोट कितव्या तुकड्यावर आहे ते समोर असतं. ९६ च्या लयीत असा एक तुकडा सव्वातीन मिलिसेकंदांचा पडतो. आपला कान एवढं बारीक धरतो का, असं मला वाटायचं. उत्तर घरातच मिळालं. पुतण्या खेळत होता, मामाजी खाटेवर बसून पाहत होते. तिसऱ्या कडव्यात ते म्हणाले, "थांब. हे थाप लवकर आली." आम्ही फाईल उघडली. ती नोट मी पंधरा तुकडे आधी ठेवली होती, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या हिश्शाएवढी चूक. मामाजींना गेम माहीत नाही आणि रंगही चश्म्याशिवाय दिसत नाहीत. त्यांना फक्त दिसलं की पोराचा हात आवाजाच्या आधी पडला.

ती थाप दुरुस्त केल्यावर त्यांनी पूर्ण भजन पाहिलं. मग म्हणाले, "सूनबाई, खंजिरी नाही हे. पण हात बराबर लिवला तुनं." माझ्यासाठी या सगळ्या सॉफ्टवेअरचं परीक्षण त्या वाक्यातच आहे. आवाज लिहायला गेलं की खंजिरी ड्रम होते. हात लिहिला की ती खंजिरी राहते, मग बटणं कुठलीही असोत.

रेकॉर्डिंगकडे नीट लक्ष द्या. या गेमची गंमत अशी की वाद्याची ऑडिओ फाईल वेगळी दिली, तर नोट चुकल्यावर तेवढंच वाद्य गप्प होतं, बाकीचं भजन चालू राहतं. नोट लागली की ते परत येतं. खेळणाऱ्याला वाटतं की खंजिरी आपणच वाजवतो आहोत. सगळं एकाच फाईलमध्ये असलं तर चुकलं काय आणि लागलं काय, आवाज तोच. म्हणून खंजिरी वेगळी रेकॉर्ड करायची होती. मी मामाजींच्या कानाला हेडफोन लावून आधीचं भजन ऐकवलं आणि त्यावर वाजवा म्हटलं. त्यांनी दोन मिनिटांत हेडफोन काढून ठेवला. गायल्याशिवाय त्यांचा हात चालत नाही, आणि गायलं की त्यांचा आवाज खंजिरीच्या रेकॉर्डिंगमध्ये येतो. शेवटी मंडळ बाहेरच्या खोलीत बसवलं, मामाजींना दाराच्या आतल्या बाजूला, मध्ये दोरीवर दोन जाड गोधड्या टाकल्या. एक फोन पेटीपाशी, एक खंजिरीपासून हातभर अंतरावर. सुरुवातीला एक मोठी टाळी वाजवून घेतली, म्हणजे नंतर ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही रेकॉर्डिंग त्या टाळीवर जुळवता आले. गाण्याचा आवाज थोडा आत शिरलाच. तरी थाप चुकली की खंजिरी दबते हे स्पष्ट कळतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

पेटीची गोष्ट वेगळी. ती माझं वाद्य असल्यामुळे तिच्याकडून माझी अपेक्षा जास्त होती. रॉक बँड ३ मध्ये २०१० साली पंचवीस पट्ट्यांचा खराखुरा कीबोर्ड दिला होता, पण इथे कीजचा भागही पाच रंगांचाच आहे. सात शुद्ध स्वर, त्यात कोमल आणि तीव्र, आणि भजनात सप्तक ओलांडणं तर नेहमीचंच. ते पाच पट्ट्यांत कसं मावणार? मी प्रत्येक ओळीपुरता हिशेब केला. स्वर चढला की खूण उजवीकडे, उतरला की डावीकडे, आणि एका ओळीत एका स्वराला एकच रंग. सा रे ग म प सरळ बसतात. ध लागला की पुन्हा डावीकडून सुरुवात करावी लागते, आणि तिथे वर जाणारा सूर डोळ्यांना खाली गेल्यासारखा दिसतो. ज्याला पेटी येते त्याचा हात तिथे अडखळतोच. माझाही अडखळतो. दम धरलेल्या स्वरांना लांब शेपटीच्या नोटा दिल्या, त्या मात्र छान दिसतात. स्ट्रमला इथे काही अर्थच नाही, कारण पेटीवर डावा हात भाता चालवतो आणि तो काही दर स्वराला ठोका देत नाही. म्हणून सगळ्या नोटा टॅप केल्या. खेळता येतं, पण मी पेटी वाजवते आहे असं एकदाही वाटलं नाही.

टाळ आणि एकतारी करून पाहिल्या आणि सोडून दिल्या. एकाच रंगावर ठोक्याला एक नोट पाच मिनिटं खेळताना पोरं कंटाळतात. खऱ्या भजनात तोच टाळ हातात घेऊन ती रात्र काढतात, कारण तिथे शेजारी माणसं असतात.

खंजिरीच्या जवळचं काही आधी कोणी केलं आहे का, हे मी शोधलं तेव्हा जपानच्या ताइको नो तात्सुजिनपाशी पोचले. नामकोने २००१ मध्ये आर्केडसाठी काढलेला हा ढोलाचा गेम. त्यात दोनच मुख्य खुणा आहेत: लाल म्हणजे चामड्याच्या मध्ये, निळी म्हणजे कडेवर. दोन खुणांत त्यांनी इतकी वर्षं गेम चालवला. ते वाचल्यावर मी माझी सोपी पातळी पुन्हा लिहिली. क्लोन हिरोत एका गाण्याच्या चार पातळ्या करता येतात. सगळ्यात सोप्या पातळीत मी आता समेची खुली थाप, पाचव्या मात्रेची टिचकी आणि मध्ये एक खुळखुळ, एवढंच ठेवलं आहे. शेजारची आठ वर्षांची पोरगी ते खेळते. नोटा कमी करत जाताना ठेक्याचा सांगाडा हाताला लागतो. मंडळात नव्या माणसाला खंजिरी शिकवताना मामाजी जिथून सुरू करतात, ती जागा बरोबर हीच आहे.

अजून एक गोष्ट अशी जुळून आली की मी तिच्यावर खूष आहे. गेममध्ये स्टार पॉवर असते. ठरावीक तुकडे न चुकता वाजवले की ती साठते, आणि गिटार उभी केली की चालू होऊन गुण दुप्पट होतात. मी ते तुकडे गजराच्या आधीच्या दोन ओळींत ठेवले. त्यामुळे खेळणारा नेमका गजराला गिटार वर उचलतो. मामाजीही तिथेच खंजिरी डोक्यावर नेतात. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा खेळून झाल्यावर पुतण्या स्वतःच म्हणाला, "काकू, आजोबासारखं होते नं हे!"

सप्तखंजिरीबद्दल दोघा-तिघांनी विचारलं. अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीच्या सत्यपाल महाराजांमुळे ती सगळ्या विदर्भाला माहीत आहे. समोर मांडलेल्या सात खंजिऱ्या म्हणजे जागा बदलत मारणारे हात. तिथे मी गिटार सोडून ड्रमचाच भाग घेईन. सात जागा चार पॅडवर उतरवताना कुठल्या एकत्र करायच्या, हे व्हिडिओ पाहून ठरवायचं आहे. ते काम अजून हातात घेतलेलं नाही.

खर्चाचं सांगते. सॉफ्टवेअरला शून्य रुपये. गिटारचा कंट्रोलर नवा इकडे मिळत नाही, आम्ही नागपुरातून जुना घेतला साडेतीन हजारांना. विकणाऱ्याने चालू आहे म्हणून दिला. घरी आणल्यावर कळलं की स्ट्रम खालच्या दिशेने लागतो आणि वरच्या दिशेने लागत नाही. पुतण्याने आतला छोटा स्विच बदलला. जुना घेणार असाल तर दुकानातच दोन्ही दिशांनी पन्नास-पन्नास वेळा मारून पाहा. कंट्रोलर नसला तरी अडत नाही, लॅपटॉपच्या कळा हव्या तशा नेमून खेळता येतं. फक्त लॅपटॉप हातात आडवा धरून खेळायला पोरांना शिकवावं लागतं, म्हणजे डावा हात कळांवर आणि उजवा एन्टरवर नीट पडतो.

पाच मिनिटांच्या भजनाला मला रोजचे दीड-दोन तास धरून सहा आठवडे लागले. दुसऱ्या भजनाला तीन. लाईट जाते म्हणून दर आवर्तनाला फाईल सेव्ह करायची सवय लावून घ्या. ज्याला वाद्याची जाण आहे पण इंग्रजी जेमतेम आहे, त्यालाही मूनस्क्रेपर जमतं, कारण बहुतेक काम डोळ्यांनी आणि कानांनी होतं. ज्याला वाद्य येत नाही, त्याने शेजारी वाजवणारा माणूस बसवल्याशिवाय सुरू करू नये. पाचपैकी खंजिरीसाठी मी साडेचार देते, पेटीसाठी अडीच.

ब्लूटूथ स्पीकर लावू नका. त्यात आवाज उशिरा पोचतो, आणि मग चूक तुमच्या चार्टची की स्पीकरची हे कळत नाही. आम्ही देवळातला वायरचा स्पीकर आणतो, सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ एकदा जुळवून घेतो आणि मगच मामाजींना बोलावतो.